तेवीस किल्ल्यांचा जुडगा

सकाळी ८.४०

फाटकाच्या कुलपावर दुधाची रिकामी पिशवी बांधलेली आहे. पावसात कुलूप गंजतं, किल्ली फिरत नाही, आणि मग साडेचारशे पोरं रस्त्यावर ताटकळतात. मावशी पिशवी सोडतात, झटकतात, घडी करून कमरेला खोचतात. संध्याकाळी हीच पुन्हा बांधायची.

पाटण तालुक्यातलं एक अनुदानित हायस्कूल. पाचवी ते दहावी. निम्मी मुलं वरच्या वाड्यांतून खाली येतात, कुणी चालत, कुणी एसटीच्या गाडीने. श्रावण लागलाय, पण ऊन कुठे दिसत नाही. झड लागून राहिलीय.

जुडग्यात तेवीस किल्ल्या. कुठली कशाची, हे फक्त मावशींना माहीत. त्यांना सगळेच मावशी म्हणतात. पाचवीतली पोरंही आणि हेडसरही. शाळेतले जुने दोन शिपाई निवृत्त झाले, त्यांच्या जागा भरल्या नाहीत. डिसेंबर २०२० मध्ये शासनाने ठरवलं की अनुदानित शाळांत शिपाई पद आता रिकामं झालं की संपलं. त्याबदली शाळेला ठोक भत्ता. ग्रामीण भागात महिन्याला ५,००० रुपये. त्या पाच हजारांवर मावशी.

"भांगलणीला गेलं तर दिवसाला तीनशे देत्यात," त्या म्हणतात. "वर दुपारचा च्या."

मग इथे का, मी विचारतो.

"हितं डोक्यावर पत्रा हाय. आन पोरगी सातवीत हाय हितंच."

रविवारी भांगलण सुटत नाहीच.

८.५५

आधी जिना. रात्रीतून पायऱ्यांवर शेवाळ धरतं. वाटीभर ब्लिचिंग पावडर, बादलीभर पाणी, खराटा. चौदा पायऱ्या, वाकून. गेल्या पावसाळ्यात गणिताचे सर इथेच घसरले आणि दीड महिना हात गळ्यात बांधून शिकवत होते. तेव्हापासून ब्लिचिंगचं पोतं मागावं लागत नाही, आपसूक येतं.

मग पाण्याची मोटार. बोर्डाची भिंत ओली आहे. मावशी बटणाला बोट लावत नाहीत. खिडकीत एक लाकडी फूटपट्टी ठेवलेली असते, तिच्या टोकाने खटका दाबतात. मग स्टोअर रूम. तिथे आधी काठी. दारावर तीनदा आपटायची, थोडं थांबायचं, मग उघडायचं. मागच्या महिन्यात चटयांच्या गुंडाळीत घोणस निघाली होती. चटया उन्हात टाकायच्या होत्या. ऊन आलं नाही.

शाळेच्या सुरक्षेची फाइल हेडसरांच्या कपाटात आहे, चांगली जाड. तिच्यात ना फूटपट्टी आहे ना काठी.

९.१५

मुलींची स्वच्छतागृहं चार. तिसऱ्याच्या दाराची कडी निघालीय. पावसाने फळी फुगली, स्क्रू सैल झाले, कडी हातात आली. गेले चार दिवस मावशींनी तिथे सुतळी बांधून ठेवली होती. आतल्या मुलीने सुतळी ओढून धरायची. तरी मुली जोडीनेच जातात, एक आत, एक बाहेर दाराला पाठ लावून.

काल शाळा सुटल्यावर मावशींनी हार्डवेअरमधून कडी आणली. ४५ रुपये. चार स्क्रू १० रुपये. पेचकस दुकानदाराचाच, उसना. जुन्या भोकांत स्क्रू फिरतो, धरत नाही. मावशी काडीपेटी काढतात, गुल मोडलेल्या दोन-दोन काड्या भोकात खुपसतात आणि वर स्क्रू पिळतात. आता धरला. आत जाऊन कडी लावतात, बाहेरून मला दार ढकलायला सांगतात. मी ढकलतो. हलत नाही.

"जोरात ढकला की."

तरी हलत नाही.

बिल नाही. एवढ्याशा कडीचं बिल काय मागायचं, म्हणून दुकानदार हसला. सादिलवारमधून, म्हणजे किरकोळ खर्चाच्या रकमेतून, पैसे निघायला बिल लागतं. ५५ रुपये सध्या मावशींचे.

१०.१५

पोरं यायला लागतात. रेनकोट, छत्र्या, डोक्यावर खताची पोती. मावशी फाटकाच्या अर्ध्या उघड्या पाखीत उभ्या. सायकली डावीकडे. मोटारसायकली आत नाहीतच, कारण दहावीतल्या कुणाकडे लायसन असणार? चार-पाच पोरं तरी गाडी आणतात. पंक्चरच्या दुकानामागे लावतात आणि तिथून सभ्य चेहऱ्याने चालत येतात.

"काळी कुणाची, लाल कुणाची, समदं ठावं हाय मला," मावशी म्हणतात. "सरांना सांगत न्हाई. पोराच्या आईला सांगती."

रस्त्यावर पिवळी रेघ होती. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायची नाही, असा २००३ चा कायदा आहे. त्या हद्दीची रेघ पोरांनीच रंगवली होती. पावसाने ती पुसट झालीय. टपरी रेघेच्या अलीकडे आहे. माळा लटकतात त्या वेफर्सच्या. बाकीचं खाली असतं.

१०.४० ला टोल. टोल म्हणजे रुळाचा तुकडा आणि लोखंडी दांडा. प्रार्थना व्हरांड्यातच, पटांगणात चिखल आहे. १०.५५ ला फाटक बंद.

११.२०

एक माणूस येतो. आठवीतल्या मुलीला न्यायचंय, आजी आजारी आहे. म्हणतो, मी तिचा मामा. मावशी वही पुढे करतात. नाव, मोबाइल, काम, सही.

"आता भाचीला न्यायला पण सही?"

"व्हय दादा. मलाबी करावी लागती, माझी पोरगी न्यायची तर."

तो सही करतो. तरी मुलीला लगेच सोडत नाहीत. वर्गशिक्षिका मुलीच्या आईला फोन लावतात. फोन लागत नाही. वरच्या वाडीत रेंज नाही. मामा चिडतो, भिजतोय. मावशी त्याला व्हरांड्यात खुर्ची देतात, पाणी देतात. मुलगी वर्गाच्या दारातून बघते, ओळखीचं हसते. मामा खराच आहे, हे सगळ्यांना दिसतंय. तरी पंचवीस मिनिटं जातात. शेवटी शेजारणीच्या फोनवर आई सापडते, मुलगी दप्तर घेऊन निघते.

मामा जाताना मावशींकडे बघत नाही.

"रोज एक तरी असा," वर्गशिक्षिका म्हणतात. "पालक म्हणतात शाळा तुरुंग झाली. आणि काही झालं तर हेच विचारणार, फाटक उघडं कसं?"

१२.१०

हेडसरांच्या खोलीत कॅमेऱ्यांचा पडदा. आठ चौकटी, त्यांतल्या दोन काळ्या. उंदराने वायर कुरतडलीय; माणूस कराडहून यायचा आहे, यायचे ५०० आणि वायरीचे वेगळे.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाला. आरोपी शाळेतलाच सफाई कामगार. २० ऑगस्टला लोक रुळांवर उतरले, दुसऱ्या दिवशी शासन निर्णय निघाला. महिन्याच्या आत कॅमेरे, नाही तर अनुदान थांबेल. कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी. तक्रारपेटी. २०२२ मध्येच सांगितलेली, पण बऱ्याच ठिकाणी कागदावर राहिलेली सखी सावित्री समिती. आणि चित्रीकरण आठवड्यातून किमान तीनदा मुख्याध्यापकांनी बघायचं.

हेडसर बघतात. सोमवार, बुधवार, शुक्रवार. वहीत नोंद: 'पाहिले. आक्षेपार्ह काही नाही.' खाली सही. आधीच्या पानावर तेच, त्याच्या आधीच्या पानावरही तेच. खोटं नाही ते. फास्ट करून बघतात, व्हरांड्यातून पोरं मुंग्यांसारखी पळतात. आठ कॅमेऱ्यांचे पैसे माजी विद्यार्थ्यांनी दिले. वायर कुरतडल्यावर पुन्हा कुणाकडे जायचं, हे सरांना सुचत नाही.

शिक्षकांच्या खोलीत मी विषय काढतो तेव्हा तीन मतं निघतात, आणि तिन्ही एकमेकांकडे न बघता.

खेळाचे सर: "पूर्वी पोर पडलं की उचलून आणायचो. आता आधी कॅमेरा कुठंय बघतो, मग मावशींना हाक मारतो. कबड्डीत पकड शिकवायची कशी, हात न लावता?"

मराठीच्या मॅडमना कॅमेरा हवाच. गेल्या वर्षी एक पालक भांडायला आले होते, पोराला मारलं म्हणून. हेडसरांनी त्या तासाचं चित्रीकरण लावलं. पालक बघत बसले, मग चहा घेऊन गेले.

विज्ञानाचे सर वहीतून मान वर न करता म्हणतात, "व्हरांड्यात असू दे. वर्गात नको. पोरं चुकीचं उत्तर द्यायलाही घाबरतात."

पडताळणी सगळ्यांची झाली. वीस-बावीस वर्षं शिकवलेल्या मॅडमना पोलीस ठाण्याच्या बाकावर बसावं लागलं. त्या अजून त्याबद्दल बोलत नाहीत. मावशींना उलट मजा वाटली. फॉर्म, फोटो, झेरॉक्स आणि सेवा केंद्रवाल्याचे मिळून तीनशेच्या आसपास गेले, त्याचं वाईट वाटलं. पण दाखला त्यांनी लॅमिनेट करून घेतलाय.

"मी चांगली हाय, हे सरकारनं लिहून दिलंय," त्या मला सांगतात. "तुमच्याकडं हाय का?"

नाही.

१.०५

पाचवी ते आठवीला खिचडी. आधी एक शिक्षक चव घेतो आणि चव नोंदवहीत सही करतो. आज इंग्रजीच्या मॅडम. मीठ कमी. मावशी पातेल्यात मीठ टाकून ढवळतात. पुन्हा चव, पुन्हा सही.

१.३०

मोठी सुट्टी. मावशी स्वच्छतागृह आणि हौदाच्या मधल्या कोपऱ्यावर उभ्या राहतात. जेवण नंतर. इथून दोन्ही बाजू दिसतात. कॅमेरा क्रमांक पाचला यातली एकच दिसते.

नववीची पोरं मला कॅमेऱ्यांचा नकाशा तोंडपाठ म्हणून दाखवतात. चारचा कॅमेरा कुठपर्यंत बघतो, पाचचा कुठून सुरू होतो, आणि मधली जागा कुठली. "तिथं काय करता?" म्हटलं तर हसतात. त्यांच्या मते सुरक्षा हा मुलींचा विषय. व्याख्यान आलं की मुलींना हॉलमध्ये बोलावतात आणि मुलांना मैदानात सोडतात. एक बुटकासा मुलगा मात्र त्या हसण्यात नाही. तो घोळक्याच्या टोकाला आहे, डबा पोटाशी धरून.

दहावीच्या मुली कट्ट्यावर. त्यांना विचारतो, शाळेत भीती वाटते का?

"शाळेत नाही. स्टँडवर."

"कॅमेरे आहेत ते बरं वाटतं?"

एकमेकींकडे बघतात. "बरं आहे. पण संडासाला कडी नव्हती ना."

दुसरी सांगते, चार दिवस ती सकाळपासून पाणीच प्यायली नाही. सहज सांगते, गृहपाठ राहिला म्हणावं तसं. आज बाटली भरलेली आहे.

२.५०

आज कवायत आहे. भूकंपाची.

या भागात ती नावापुरती वाटू नये. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला मोठा भूकंप झाला. त्या रात्रीच्या गोष्टी घराघरांत आहेत. अजूनही धरणाच्या परिसरात बारीक धक्के बसतात. मांडणीवरची भांडी वाजतात, कुणी तरी 'आला' म्हणतं, भांडी थांबतात, जेवण पुढे चालू. पोरांना भूकंपाची भीती नाही. वरच्या वाड्यांतल्या पोरांना रात्रीच्या पावसाची आहे. जुलै २०२१ मध्ये याच तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडी आल्या आणि घरं माणसांसकट गाडली गेली. आताची नववी-दहावीची पोरं तेव्हा लहान होती. दरडीची कवायत शाळेत नाही. ती शाळेत करायची तरी कशी!

मावशी रूळ बडवायला लागतात. थांबवायचं नाही, बडवतच राहायचं. मुलं बाकाखाली. बाक लहान, नववीची पोरं मोठी. निम्मं अंग बाहेर, खिदळणं चालू. मग डोक्यावर दप्तर आणि रांगेने बाहेर.

वरच्या मजल्याला जिने दोन. सगळी रांग एकाच जिन्यावर तुंबते. दुसऱ्याच्या तोंडाला सरकती जाळी, जाळीला कुलूप. पोरं मधल्या सुट्टीत तिकडून वर पळतात आणि कुणी पडेल, म्हणून ती बंद असते. सुरक्षेसाठीच बंद.

हेडसर खालून ओरडतात. मावशी रूळ सोडून धावतात, जुडगा काढतात. ही नाही. ही नाही. हात ओले. तिसरी, चौथी. जाळीपलीकडे सातवीची पोरं गप्प झालीत. किल्ली सापडते, जाळी कुरकुरत सरकते.

शेवटचं पोर खाली येईपर्यंत साडेचार मिनिटं. विज्ञानाचे सर मोबाइलवरचं घड्याळ हेडसरांना दाखवतात. आणि हळू आवाजात कुंभकोणमचं सांगतात. २००४ ची आग. चौऱ्याण्णव मुलं.

हेडसर थोडा वेळ काही बोलत नाहीत. मग म्हणतात, शाळा भरल्यापासून सुटेपर्यंत ती जाळी उघडी. "आणि पोरं पळाली तर?" खेळाचे सर विचारतात. "तर तुम्ही तिथे उभे राहा," हेडसर म्हणतात.

मावशी पदराच्या किनारीतून लाल दोरा तोडतात आणि त्या किल्लीच्या कड्यात गाठ मारतात.

३.४०

सहावीच्या वर्गात कोपऱ्यात ओल उतरलीय. त्याखालचे दोन बाक इंग्रजीच्या मॅडम पावसाळाभर रिकामे ठेवतात. जुलै २०२५ मध्ये राजस्थानात झालावाड जिल्ह्यात शाळेचं छत पडून सात मुलं गेली, तेव्हापासून. पटसंख्या तीच आहे, म्हणून पुढच्या बाकांवर तिघंतिघं. बांधकामाचा प्रस्ताव गेलेला आहे.

४.१०

तक्रारपेटी उघडायचा दिवस. सखी सावित्री समिती जमते. हेडसर, मराठीच्या मॅडम, अंगणवाडीच्या ताई, एक आई, रेनकोट निथळणारे पोलीस पाटील, नववीतली एक मुलगी आणि एक मुलगा. पेटीची किल्ली जुडग्यात नाही, ती सरांच्या कपाटात. मावशी चहा घेऊन आल्यात, ट्रे ठेवून दाराशी थांबतात.

पेटीत दोन चिठ्ठ्या आणि चॉकलेटचा कागद. एक: कबड्डीला मॅट पाहिजे. दुसरी: गणिताचा गृहपाठ कमी करा. हेडसर वहीत लिहायला लागतात.

"सर," नववीतली मुलगी म्हणते, "पेटी कॅमेऱ्याखाली आहे."

"हो, कुणी उचलून नेऊ नये म्हणून."

"पण कोण टाकतंय ते दिसतं ना."

पोलीस पाटील चहा ठेवतात. "सर, पेटीत काय सोनं आहे? हलवा तिकडं."

ग्रंथालयाच्या बोळात हलवायचं ठरतं. मावशी अजून दाराशीच आहेत. त्या कमरेचा बटवा सोडतात आणि घडी घातलेल्या तीन चिठ्ठ्या टेबलावर ठेवतात. पोरं पेटीत टाकत नाहीत, त्यांच्या हातात देतात, पाणी पिता पिता. त्यांनी वाचलेल्या नाहीत. "मला वाचाया येतं," त्या म्हणतात, "पर ते माझं काम न्हवं."

पहिली तिसऱ्या संडासाच्या कडीची. "ती सकाळी लावली," मावशी सांगतात.

दुसरी मुलांच्या स्वच्छतागृहाबद्दल. दहावीतले तिघं लहान मुलांचे गाडीचे पैसे काढून घेतात. अक्षर खाली उतरत गेलेलं, नाव नाही. हेडसर खेळाच्या सरांना बोलवायला सांगतात. मला डबा पोटाशी धरलेलं पोर आठवतं. तेच असेल असं नाही.

तिसरी हेडसर मनात वाचतात, मॅडमकडे देतात. स्टँडवर मोटारसायकलवाला एकजण मुलींचे फोटो काढतो, गाडीच्या मागे येतो. मोटारसायकलचा नंबर लिहिलाय. दोनदा गिरवलेला, चुकू नये म्हणून.

अंगणवाडीच्या ताई म्हणतात, आधी घरी विचारू या, मुलीचं नाव होईल. आई मान डोलावते. मराठीच्या मॅडम म्हणतात, नाही. पॉक्सोचं प्रशिक्षण त्यांनी घेतलंय. २०१२ च्या त्या कायद्यात, कळल्यावर पोलिसांना न कळवणं हाही गुन्हा आहे. "आणि तिचं नाव इथे कुणाला कळलंच नाहीये." आवाज नेहमीपेक्षा वर गेलेला असतो. पोलीस पाटील नंबर टिपून घेतात. हेडसर ठाण्याला फोन लावतात. लागतो.

चहा गार होतो. मावशी कप तसेच उचलून नेतात.

५.१०

सुटल्याचा टोल. फाटक पूर्ण उघडं. दहा मिनिटांत शाळा रिकामी. शिक्षकांच्या गाड्या कराडच्या बाजूला निघतात. वरच्या वाड्यांना जाणारी गाडी साडेपाचला. मुलींना पास मोफत आहे, गाडी तेवढी वेळेवर हवी. स्टँडवर पत्र्याची शेड, दिवा नाही. मावशी फाटकावर पिशवी बांधून तिकडे जातात. हे त्यांच्या कामात कुठे लिहिलेलं नाही. त्यांची लेकही दप्तर घेऊन सोबत. आज मराठीच्या मॅडमही थांबल्यात.

मोटारसायकलवाला दिसत नाही. पोलीस पाटील शेडच्या खांबाला टेकून तंबाखू मळतायत. मुली शेडच्या आतल्या बाजूला, छत्र्या मिटून. एकवीस. मावशी मोजतात, बोट न दाखवता.

साडेपाच होतात. पावणेसहा. अंधारून येतं. मॅडमच्या घरून दुसरा फोन येतो. त्या कट करतात.

६.०५

गाडीचे दिवे वळणावर दिसतात. मुली चढतात. मावशी दारातून पुन्हा मोजतात, कंडक्टरला एकवीस सांगतात. तो घंटीच्या दोरीला हात घालतो, मग थांबतो.

"मावशी, शाळेत सांगा. सोमवारपासून ही गाडी पाचला सुटणार. वेळापत्रक बदललंय."

"शाळा पाच धाला सुटती."

"ते मला काय सांगता, डेपोत सांगा."

"कुणाला सांगायचं डेपोत? नाव सांगा की."

कंडक्टर खिशातून पेन काढतो. मावशी जवळ कागद नसतो म्हणून हात पुढे करतात. हात ओला, शाई धरत नाही. मॅडम पर्समधून वही काढतात.